बॉयलरचा धूर आणि सुलूची साखर

आमच्या सुलूला दमा नव्हता. हे एवढंसं वाक्य कळायला आम्हाला सतरा दिवस लागले आणि ते सतरा दिवस तिच्या जिवावर बेतले. ज्यांच्या घरात एखादं मूल अचानक वाळायला लागलं आहे, सारखं पाणी मागतं आहे, धापा टाकतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर फायरमन आहे. औषध किती आणि कोणतं, ते इथे लिहिणार नाही, कारण एका पोराचा डोस दुसऱ्या पोराला चालत नाही. आमच्यावर काय बेतलं आणि आम्ही कुठे चुकलो, तेवढं सांगतो.

गिरणीलाइन

सत्तरचं दशक संपत आलं होतं. स्टेशनच्या बाजूला राइस मिलींची रांग होती, तिला सगळे गिरणीलाइन म्हणत. आमचं क्वार्टर मिलच्या कंपाउंडला लागून, चिमणीपासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एक कडुनिंब. दिवाळीच्या सुमारास नवं धान यायला लागलं की बॉयलर पेटत. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान हौदात भिजवायचं, मग वाफेवर उकडायचं, आणि त्या वाफेसाठी भट्टीत धानाचाच भुसा जाळायचा. होळीपर्यंत भट्टी थंड होत नसे. भुशाची राख हलकी आणि काळी. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर पडे, पाण्याच्या गुंडावर, घागरीवर पडे, कडुनिंबाची पानं काळी करी. भात वाढला की माझी बायको गिरिजा आधी ताटावर फुंकर मारायची आणि मग आमटी वाढायची. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. चिमणीतून धूर निघाला नाही तरच लाइनीतल्या बाया काळजी करत.

लाइनीतली पोरं हिवाळाभर खोकत. कोणाच्या ना कोणाच्या घरी एखादं पोर छाती भरून उशीला टेकून बसलेलं असे. त्याला आम्ही भुशाचा दमा म्हणायचो, आणि उन्हाळा लागला की तो जातो, असं एकमेकांना सांगायचो. सुलू आमची एकुलती एक. तिला तेव्हा दहावं लागलं होतं. तीही दर हिवाळ्यात खोकायची, म्हणून त्या वर्षी खोकली तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही.

सतरा दिवस

संक्रांतीनंतर तिला ताप आला आणि चार दिवसांत उतरला. खोकला राहिला. मग तिला तहान लागायला लागली. तांब्याभर पाणी पिऊन ती दुसरा तांब्या भरून घ्यायची. शाळेतून बाईंनी निरोप पाठवला की पोरगी तासातासाला बाहेर जायला मागते. एका सकाळी अंथरूण ओलं निघालं. दहा वर्षांची पोर, शरमेनं तिने गोधडी स्वतःच मोरीत नेऊन टाकली आणि गिरिजा तिला रागावली. त्या रागावण्याचं गिरिजाला अजून वाईट वाटतं.

फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. मी म्हटलं, तापाने वाळली, भरेल.

आमच्या गल्लीतले डॉक्टर चांगले होते, त्यांना मी दोष देत नाही. दिवसाला दहा-वीस खोकणारी पोरं ते तपासत. मी सुलूला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, की दमाच आहे, लाइनीतल्या सगळ्या पोरांना आहे. पाण्याचं आणि ओल्या अंथरुणाचं मी बोललोच नाही. दम्याशी त्याचा काय संबंध, असं वाटलं. त्यांनी छातीला नळी लावली, छातीत घरघर होतीच. औषध दिलं. दोन दिवसांनी धाप वाढली तेव्हा इंजेक्शन दिलं.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. दम्याच्या पोराचा श्वास बाहेर पडताना अडतो, शिटी वाजते. सुलूच्या श्वासाला शिटी नव्हती. ती खोल श्वास घ्यायची, लांबून धावत आलेल्या माणसासारखा, आणि तोही पडल्या पडल्या. मी बॉयलरवरचा माणूस. वाफेच्या आवाजात जरा फरक पडला तर मला झोपेतही कळतं. तो फरक मला ऐकू आला होता. पण गिरणीत सीझन जोरात होता, आणि दमा म्हणून मनात बसून गेलेल्या गोष्टीवर पुन्हा विचार करायची माझी तयारी नव्हती.

सतराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गिरिजा बॉयलरघरात धावत आली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती. सुलू पहाटेपासून ओकत होती, पोट धरून कण्हत होती, आणि आता हाक मारली तर ओ देत नव्हती. मी फावडं तिथेच टाकलं. मिलचे शेठ दारातच होते. तांदळाचा ट्रक भंडाऱ्याला निघाला होता, त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की वाटेत कुठे थांबायचं नाही. केबिनमध्ये सुलू आईच्या मांडीवर होती आणि मी दाराला टेकून तिचे पाय धरून बसलो होतो. पाय थंड होते. वाटेत मोहाडी गाव गेलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, पण त्या पाहण्यात ओळख नव्हती. त्यानंतर भंडारा येईपर्यंत मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही.

मोहाचा वास

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा भेटल्या त्या एक वयस्कर सिस्टर. मी त्यांनाही तेच सांगितलं, दमा आहे म्हणून. त्या सुलूवर वाकल्या, आणि वाकल्या तशाच थांबल्या. तिच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला. मग हळू आवाजात गिरिजाला विचारलं, "पोरीले मोहाची पाजली का?"

आमच्या भागात सर्दीला लेकरांना चमचाभर मोहाची दारू पाजणारे लोक आहेत, तेव्हा प्रश्न अपमानाचा नव्हता. पण गिरिजा पेटली. आमच्या घरात कोणी शिवत नाही, असं ती जोराने म्हणाली. सिस्टर शांतपणे पुढे विचारत गेल्या. पाणी किती पिते? लघवीला किती वेळा जाते? अंथरूण ओलं करते का? वाळली का? प्रत्येक प्रश्नाला गिरिजा हो म्हणत गेली, आणि प्रत्येक हो बरोबर तिचा आवाज बारीक होत गेला. सतरा दिवसांत कोणी विचारलं नव्हतं ते सगळं त्या बाईने दोन मिनिटांत विचारलं.

त्यांनी सुलूची लघवी घेतली. काचेच्या नळीत निळं औषध होतं, त्यात थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी नळीत विटेचा चुरा कालवल्यासारखा लाल गाळ झाला. सिस्टरने नळी ठेवली आणि त्या डॉक्टरांना बोलवायला अक्षरशः पळाल्या. पुढे कित्येक वर्षं मी त्यांना पाहिलं, पण पळताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होते. सुलूला सलाइन लावता लावताच त्यांनी सांगितलं की हा साखरेचा आजार आहे, डायबेटिस. मी म्हटलं, साहेब, तो तर म्हाताऱ्या माणसांचा आजार, बसून खाणाऱ्यांचा. ते म्हणाले की लहान मुलांनाही होतो. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही आणि शरीर स्वतःचीच चरबी जाळतं आहे. तोंडाचा वास आणि तो खोल श्वास, दोन्ही त्या जळण्याचे. त्यात सर्दीतापाने जास्त भर घातली.

जळणं मला कळत होतं. मी विचारलं, बरी होईल ना?

"आज वाचवायची आहे," ते म्हणाले. "बाकीचं उद्या बोलू."

वॉर्ड

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुलूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. या वेळी तिने मला बाबा म्हटलं.

तीन आठवडे आम्ही तिथे होतो. सकाळी सहाला लघवी तपासायची, मग सुई, मग अर्ध्या तासाने खाणं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. सुई आणि जेवण यांत त्याहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हे सिस्टरने इतक्या वेळा सांगितलं की वॉर्डातले बाकीचे रोगीही आम्हाला आठवण करून द्यायला लागले. शेजारच्या खाटेवर बपेरा गावचा एक मुलगा टायफॉइडने पडला होता. त्याच्या आईकडे स्टोव्ह होता. सुलूच्या जेवणाला उशीर होतो आहे असं दिसलं की ती स्वतःच्या पोराची खिचडी आधी सुलूच्या ताटलीत वाढायची. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

सुई आयुष्यभर घ्यायची आहे, हे डॉक्टरांनी पाचव्या दिवशी सांगितलं. गिरिजाने विचारलं, आयुष्यभर म्हणजे किती वर्षं? डॉक्टर म्हणाले, सुई चुकवली नाही तर पुष्कळ. एकही दिवस चुकवायची नाही, कोणी कसलाही काढा सांगितला तरी. काढे सांगणारे आलेच. माझ्या थोरल्या भावाने कारल्याच्या रसावर पोर बरी करून देणारा एक माणूस सुचवला, आणि खरं सांगतो, माझं मन डळमळलं. गिरिजाने त्याला चहा दिला आणि सांगितलं की या विषयावर आता बोलायचं नाही.

सुई टोचायला सिस्टरने आम्हाला वांग्यावर शिकवलं. सुई आणि काचेची पिचकारी उकळायची, औषध भरायचं, हवेचा बुडबुडा काढायचा, वांग्यात टोचायचं. गिरिजाचा हात पहिल्याच दिवशी बसला. मी शिफ्टभर भट्टीत भुसा टाकणारा, माझ्या हाताला मात्र कापरं भरायचं. पहिल्यांदा सुलूच्या मांडीत सुई टोचली तेव्हा ती रडली नाही. माझा हात धरून तिने तो स्थिर केला.

रंगांची वही

घरी आलो. फ्रिज आमच्याकडे कुठला? इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. सकाळ-संध्याकाळ मोरीजवळ स्पिरिटचा दिवा लावून लघवी तपासायची, आणि रंग मी एका वहीत लिहायचो: निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. निळा म्हणजे चांगलं, लाल म्हणजे धोका. उन्हाळा आणि पावसाळा निळ्या-हिरव्यात गेले. पोरगी भरली, शाळेत जायला लागली. आपण जिंकलो, असं मला वाटायला लागलं.

दिवाळीला बॉयलर पेटले. पंधरा दिवसांत सुलू खोकायला लागली, आणि वहीत पिवळा आला, मग नारिंगी. खाण्यात तिने काही चोरलं का, म्हणून गिरिजा तिचं दप्तर, खिसे तपासायला लागली. पोरगी म्हणायची की मी काही खाल्लं नाही, आणि आमचा विश्वास बसत नसे. डोस वाढवला, तरी लाल. त्या हिवाळ्यात दोनदा भंडाऱ्याला भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही राहता कुठे? मी सांगितलं. चिमणी किती लांब, विचारलं. तेही सांगितलं. मी तिथेच कामाला आहे, हेही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "धुराने हिला डायबेटिस झाला असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण धुराने छाती धरते, आणि छाती धरली की साखर चढते. एवढं मला दिसतं आहे."

आम्ही घरी आलो. आठवडाही झाला नसेल, तोच आमच्या मिलच्या बॉयलरची नळी फुटली. दुरुस्ती, तपासणी, सगळं धरून बॉयलर तीन आठवडे थंड होता. लाइनीतल्या बाकी चिमण्या चालू होत्या, पण आमच्या अंगणात उतरायचा तो धूर आमच्याच मिलचा. नवव्या-दहाव्या दिवशी सुलूचा खोकला थांबला. वहीत पुन्हा हिरवा आला, मग निळा. घरातलं खाणं तेच होतं, सुई तीच होती. मी वही बंद केली आणि गिरिजाला काही बोललो नाही. पण तपासणीची नळी दिव्यावर तीच धरायची. तिला माझ्या आधीच कळलं होतं.

पुन्हा पेटवताना

ज्या सकाळी बॉयलर पुन्हा पेटवायचा होता त्या सकाळी गिरिजा दारात उभी राहिली. तिने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "तुमी भट्टीत भुसा नाई टाकून राहिले. माह्या पोरीले टाकून राहिले."

मी गेलो. बॉयलर भरला, भट्टीत पेटतं लाकूड टाकलं, वर भुसा सोडला. मला दुसरं काम येत नव्हतं, आणि सुईचं औषध त्याच कामावर येत होतं. हे कारण मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण चिमणीतून पहिला लोट निघाला तेव्हा तो कुठे जातो हे मी बाहेर येऊन पाहिलं. तो आमच्या कडुनिंबावर गेला.

सहा दिवसांत सुलू खोकायला लागली. मी शेठकडे गेलो आणि चिमणी उंच करता येईल का ते विचारलं. त्यांनी मला बसवलं, ऐकून घेतलं. म्हणाले, एकट्या माझ्या चिमणीने काय होणार, पुढे बघू. दुसऱ्या घराचं विचारलं, तर लाइनीबाहेर त्यांच्याकडे घर नव्हतं.

माझी थोरली बहीण शांताबाई कारध्याला दिली आहे. कारधा म्हणजे वैनगंगेच्या पलीकडे, पूल ओलांडला की भंडारा, दवाखाना जवळ. घर गावाच्या मागच्या अंगाला, समोर धानाची बांधी, बांध घातलेलं शेत. सुलूला तिथे ठेवावं, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोललो. गिरिजा म्हणाली की पोर माझ्याशिवाय राहणार नाही. शांताबाई पोरीला ठेवायला तयार होती, पण सुई पाहिली तरी तिला घेरी यायची. सुई कोण टोचणार? घर मोडून गिरिजानेही तिकडे राहावं, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही. धुरात सुई आहे आणि चांगल्या हवेत सुई नाही, अशी आमची गत झाली. दोन दिवस आमचा वाद चालला, आणि तो सुलूच्या समोर चालला, कारण दोन खोल्यांच्या घरात दुसरीकडे कुठे चालणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने आईच्या हातातून पिचकारी घेतली. "मी माह्या हातानं टोचीन," म्हणाली. औषध भरलं, बुडबुडा काढला, फ्रॉक वर केला आणि टोचलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. गिरिजा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पोरगी पडली

सुलूला कारध्याला सोडलं तेव्हा शांताबाईने आपली चूल घरातून काढून परसात नेली होती. धूर नको म्हणून, मी न सांगता. सुलूने तिला पहिल्याच दिवशी बसवून समजावलं, की मी घामाघूम झाली, बरळायला लागली, तर तोंडात गूळ घालायचा, आधी गूळ, मग दुसरं सगळं. शांताबाईने गुळाचा खडा डबीत घालून कमरेला खोचला.

दर रविवारी आम्ही दोघं जायचो. खोकला कमी होत होता. तिसऱ्या आठवड्यात, मधल्याच एका वारी, कारध्याचा एक माणूस एसटीने गिरणीत आला. निरोप एवढाच होता: पोरगी पडली, या. जिवंत आहे का, हे मी त्याला विचारलं नाही, आणि त्यालाही जास्त काही माहीत नव्हतं.

बसमध्ये गिरिजा माझ्या शेजारी बसली होती. वरठी ओलांडल्यावर ती म्हणाली, "तिले काही झालं असंन तर मी तुमच्या घरी परत येणार नाई." ती म्हणते ते बरोबर आहे, असंच मला वाटलं.

भंडाऱ्याला उतरून पुलावरून आम्ही जवळजवळ पळत गेलो. शांताबाईच्या अंगणात सुलू बाजेवर बसून पोहे खात होती. तिच्या फ्रॉकवर गुळाचे डाग होते.

शांताबाईने सगळं सांगितलं. दोघी समोरच्या बांधीत लाखोरीची भाजी खुडत होत्या. सुलूचे हात थरथरायला लागले, घाम सुटला, आत्याला ती भलत्याच नावाने हाक मारायला लागली आणि बांधावरच कोसळली. दात घट्ट मिटले होते. शांताबाईने ओरडाआरडा केला नाही. तिला कुशीवर वळवलं, गूळ बोटाने चिरडून गालाच्या आत हिरड्यांना चोळत बसली. किती वेळ, तिला सांगता येईना. मग सुलूने डोळे उघडले. सुई पाहून घेरी येणाऱ्या माझ्या बहिणीने सगळं नीट केलं.

मी म्हटलं, चल, घरी न्यायचं. आत्ताच. गिरिजा कपडे गोळा करायला लागली. तेव्हा सुलूने उशीखालून वही काढली. ती तिथेही रंग लिहीत होती. मागचे सहा दिवस, सकाळ आणि संध्याकाळ, सगळे निळे.

"बाबा, खोकला गेला तशी साखर उतरली," ती म्हणाली. "दवाई मात्र तेवढीच चालू होती. म्हणून पडली मी. मले कायले नेता तिकडं?"

आम्ही तिला तसंच पूल ओलांडून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वही पाहिली, छाती तपासली, आणि पहिल्यांदा आम्हाला फैलावर घेतलं, की सलग निळा दिसायला लागला तेव्हाच का आला नाहीत? साखर जास्त झाली तर दिवस मिळतात, कमी झाली तर मिनिटं. मग डोस एकदम जवळजवळ तिसरा हिस्सा कमी केला. तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला, पण गिरिजाने तो घेतला आणि बराच वेळ पाहिला. तिला फार वाचता येत नाही. आकडे येतात.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती मला म्हणाली की ती तुमसरला येणार नाही. रागाने म्हणाली नाही. पोर इथे, म्हणून मी इथे, तुम्ही रविवारी येत जा. मी एकटा बसमध्ये बसलो.

त्यानंतर

याला आता आठ वर्षं होतील. गिरिजा आणि सुलू कारध्यालाच आहेत, शांताबाईच्या घराला लागून आम्ही दोन खोल्या काढल्या. मी लाइनीतच असतो. रविवारी निघायच्या आधी दोनदा आंघोळ करतो आणि कामाचे कपडे इकडेच ठेवतो. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं तेव्हा आमचा जीव टांगणीला लागतो, म्हणून आषाढाच्या आधीच औषधाच्या दोन बाटल्या जास्त आणून ठेवतो. सगळं सुरळीत झालं, असं नाही. सुलू दोनदा पुन्हा पडली, एकदा पायाची जखम तीन महिने भरली नाही, आणि लग्नाचं काय, हे लोक आमच्या तोंडावर विचारतात. पण ती मॅट्रिक झाली आणि आता भंडाऱ्याच्या कॉलेजात जाते. शेठने तीन वर्षांपूर्वी चिमणी उंच केली. राख आता थोडी लांबच्या घरांवर पडते.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. मूल पाणी फार पीत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, वाळत असेल, तर दमा समजू नका, खोड समजू नका, लघवी तपासून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सगळं सांगा. आणि साखर असलेल्या पोराला धुरातून काढता येत असेल तर काढा, पण काढलंत की रंगांवर डोळा ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. घर मोडल्यासारखं वाटेल. आम्हालाही वाटलं.

एक प्रश्न मी इतकी वर्षं कोणाला विचारला नव्हता. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही, गिरिजाला विचारणं शक्य नव्हतं. मागच्या रविवारी दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. सुलू नुकतीच सुई घेऊन पिचकारी पुसत होती. मी विचारलं, की बाई, माह्या धुरानं तर तुले हे झालं नाई ना?

तिने पिचकारी डब्यात ठेवली. मला बरं वाटावं म्हणून ती काहीतरी बोलेल, अशी मला भीती होती.

"मले माहीत नाई, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरलेई माहीत नाई." मग तिने दोन ताटं मांडली. "माही सुई झाली. मले आता थांबता येत नाई. बसा जेवायले."

मी हात धुऊन तिच्या समोर बसलो.